हजेरीपुस्तकातल्या रिकाम्या चौकटी : दूरशिक्षणाच्या संशोधकांना खुले पत्र

प्रति,
मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणावर संशोधन करणारे प्राध्यापक, मार्गदर्शक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी एका रविवारी अभ्यासकेंद्रावरचं संपर्कसत्र, म्हणजे दूरस्थ विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष वर्ग, संपल्यावर एक मुलगी मला भेटायला थांबली. ती पीएच.डी. करते. विषय, दूरस्थ विद्यार्थ्यांचा ऑनलाइन अध्ययनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. फार नम्रपणे म्हणाली, ‘‘मॅडम, गुगल फॉर्मची एवढी लिंक तुमच्या ग्रुपवर टाका ना. शंभर उत्तरं आली की माझी माहिती गोळा झाली.’’ मी लगेच टाकली. संध्याकाळपर्यंत बरीच उत्तरं आलीसुद्धा, आणि तिचा आभाराचा मेसेजही आला.

त्या रात्री मी हजेरीपुस्तक काढून बसले. कोणी उत्तरं दिली असतील हे मला न विचारताच कळत होतं. जे दर रविवारी येतात, ज्यांचे गृहपाठ मुदतीच्या आधी जमा होतात, जे परीक्षेचा अर्ज भरताना मला एकही फोन करत नाहीत, तेच. पुस्तकात त्यांच्या नावापुढे सह्यांची सरळ ओळ आहे. बाकीच्या नावांपुढे दोन-तीन सह्या आहेत आणि मग पानाच्या टोकापर्यंत रिकाम्या चौकटी. त्यातले बरेच जण ग्रुपमधून कधीच बाहेर पडलेत. काही जण ग्रुपमध्ये नव्हतेच, कारण प्रवेशाच्या वेळी त्यांनी शेजाऱ्याचा नंबर दिला होता.

या रिकाम्या चौकटींसाठी मी हे पत्र लिहिते आहे. तुमच्या प्रबंधात त्या कुठेच नसतात.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नाशिकची. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले आणि वीस वर्षांहून अधिक काळ अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे दूरस्थ विद्यार्थ्यांना शिकवणारी मार्गदर्शक, म्हणून काम करते. त्याआधी मी स्वतः दूरस्थ विद्यार्थिनी होते. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं, आणि नव्वदच्या दशकात मुक्त विद्यापीठाच्या वाटेने मी पदवीधर झाले. पहिल्या वर्षाची पुस्तकं सासऱ्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली होती. ती पुस्तकं मी अजून ठेवली आहेत. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधेमधे स्वयंअध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत मी ते प्रश्न सोडवत असे. पुस्तक मला ‘आता थांबा आणि आठवून पाहा’ असं सांगायचं, आणि मी खरंच थांबायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की या अनुभवाला शास्त्रात नाव आहे. बोर्जे होल्मबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने मांडलं होतं की दूरशिक्षणाचं चांगलं साहित्य म्हणजे विद्यार्थ्याशी केलेला मार्गदर्शक संवाद. छापील पानातूनही शिक्षकाची आपुलकी पोहोचली पाहिजे. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दूर कुठेतरी बसलेल्या एका माणसाने माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट लिहून ठेवली होती. म्हणून सांगते, संशोधनाबद्दल माझ्या मनात अढी नाही. संशोधन खरं असलं तर ते आमच्यासारख्यांना बळ देतं, हे मी अनुभवलं आहे, आणि म्हणूनच तुमच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे.

हे पत्र नाशिकहून येतं आहे यालाही अर्थ आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली आणि त्याचं मुख्यालय आमच्या गावाबाहेर, गोवर्धन शिवारात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आम्ही नाशिककरांनी बसवर, फलकांवर, वह्यांवर इतक्यांदा वाचलं आहे की ते आमच्या बोलण्यात मिसळून गेलं आहे. योगायोग असा, की त्याच १९८९ साली या क्षेत्रातली दोन महत्त्वाची लेखनं प्रसिद्ध झाली. अमेरिकेत मायकेल मूर यांनी विद्यार्थ्याच्या तीन आंतरक्रिया वेगळ्या करून दाखवल्या: आशयाशी, शिक्षकाशी आणि सोबतच्या विद्यार्थ्यांशी. आणि डेव्हिड केंबर यांनी दूरस्थ विद्यार्थी शिक्षण का सोडतात याचं एक प्रारूप मांडलं. त्याआधी या विषयात व्हिन्सेंट टिंटो यांचं १९७५चं प्रारूप प्रमाण मानलं जाई. विद्यार्थी महाविद्यालयाच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळला, यावर तो टिकतो की सोडतो हे ठरतं, अशी ती मांडणी. पण दूरस्थ विद्यार्थ्याला मिसळायला महाविद्यालयच नसतं. केंबर यांनी घर, नोकरी, कुटुंब यांना मधोमध आणलं आणि म्हटलं की असा विद्यार्थी एकदाच निर्णय घेत नाही, तो वारंवार हिशेब मांडतो: याची किंमत किती, फायदा किती, पुढे जाऊ की थांबू?

हा हिशेब मी दर वर्षी समोर घडताना पाहते. तो तुमच्या प्रश्नावल्यांत कसा दिसतो, ते सांगते.

शिक्षण का सोडलं, या प्रश्नाखाली पाच-सहा पर्याय असतात. त्यातल्या एकावर सर्वांत जास्त खुणा पडतात: ‘वेळेचा अभाव’. मग प्रबंधात त्याचा स्तंभालेख येतो आणि शिफारशींत ‘विद्यार्थ्यांसाठी वेळ-व्यवस्थापनाच्या कार्यशाळा घ्याव्यात’ असं वाक्य येतं. शिक्षण सोडलेल्या तीन विद्यार्थ्यांना मी स्वतः फोन केले होते. तिघांनीही पहिलं वाक्य हेच सांगितलं, ‘‘वेळ नाही मिळाला, मॅडम.’’ मी फोन ठेवला नाही, बोलत राहिले.

पहिली सुरगाण्याकडची. घरातली पहिलीच बारावी पास. दिवाळीनंतर तिच्या पाड्यावरची निम्मी घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, तशी तीही आई-वडिलांबरोबर उतरली. पुस्तकांचा गठ्ठा घरी राहिला, कारण पिकअपमध्ये धान्य, भांडी आणि धाकटा भाऊ यांनाच जेमतेम जागा होती. मालकाच्या शेडमध्ये राहायचं, पहाटे उठून भाकरी करायच्या, दिवसभर बागेत. होळीच्या सुमारास ती घरी परतली तेव्हा गृहपाठांची मुदत उलटून गेली होती. तिला वाटलं वर्ष गेलं, आता कोणाला तोंड दाखवायचं? तिच्याकडे वेळ नव्हता असं नाही. तिचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष वेगवेगळ्या पंचांगांवर चालत होतं. द्राक्षाचं पंचांग तिला बदलता येत नव्हतं.

दुसरा सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. पाळी आठवड्याला बदलते आणि साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. आमचं संपर्कसत्र रविवारी. सत्राला यायचं तर एक खाडा, म्हणजे एका दिवसाची मजुरी. सुरुवातीचे तीन रविवार त्याने ती सोडली. चौथ्या रविवारी समंत्रकच आले नाहीत. वर्गाला कुलूप होतं, सूचना लावलेली नव्हती. त्या दिवशी त्याने केंबरचा हिशेब मांडला असणार. त्याच्याही नावापुढे ‘वेळेचा अभाव’.

तिसरी सिडकोतली बाई, दोन मुलांची आई. घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्याचा. ऑनलाइन व्याख्यान संध्याकाळी सातला, फोन घरी येणार साडेनऊला. पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर पडून राहायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या फोटोंखाली गाडल्या जायच्या. मागायला तिला संकोच वाटायचा. ‘‘रोज रोज काय मागायचं त्यांना?’’ एवढंच ती म्हणाली. ही गोष्ट तिने मला तिसऱ्या फोनला सांगितली. पहिल्या दोन फोनला, वेळ नाही मिळाला.

ऋतू, मजुरी आणि फोनवरचा हक्क, या तीन वेगळ्या गोष्टी तुमच्या एका चौकटीत बसवल्या जातात. पहिलीला मुदत वाढवून हवी आहे, दुसऱ्याला सत्राचा दिवस बदलून आणि झालेला बदल आदल्या दिवशी कळायला हवा आहे, तिसरीला छापील पुस्तक हवं आहे. वेळ-व्यवस्थापनाच्या कार्यशाळेने यांतलं काहीही होणार नाही.

‘गळती’ हा शब्दही मला खटकतो. नळ गळतो, छप्पर गळतं. त्यात पाण्याचा काय दोष? पण या विषयावरचे कितीतरी प्रबंध पाण्याचीच तपासणी करतात. विद्यार्थ्याची प्रेरणा किती, त्याचा आत्मविश्वास किती, त्याच्या अभ्यासाच्या सवयी कशा. भांड्याला तडा कुठे गेला आहे, हे विचारणारे फार थोडे भेटतात.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की जगभरात ऑनलाइन शिक्षण सोडणाऱ्यांचं प्रमाण असंच असतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली माहिती तपासून जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध लिहिला. नोंदणी केलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे २०१७-१८ मध्ये सुमारे ३ टक्के होते, आणि ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. फुकट नोंदणी करून डोकावणारा आणि पदरचे पैसे भरून शिकायला बसणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत. माझ्या हजेरीपुस्तकातला प्रत्येक जण पैसे भरून आलेला आहे. काहींनी ते पैसे उसने घेतलेले आहेत. त्यांना पहिल्या गटाच्या मापाने मोजू नका आणि ‘जगात असंच असतं’ म्हणून सोडूनही देऊ नका.

आता एका जुन्या प्रश्नाबद्दल. ‘ऑनलाइन शिक्षण प्रभावी की वर्गातलं?’ या प्रश्नावर अजूनही प्रबंध लिहिले जातात. हा प्रश्न आता सोडून द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. थॉमस रसेल यांनी १९९९ साली अशा ३५५ अभ्यासांची जंत्रीच छापली, ज्यांत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, रिचर्ड क्लार्क यांनी सांगितलं होतं की माध्यम म्हणजे किराणा वाहून आणणारा ट्रक. ट्रकमुळे आपल्या पोषणात फरक पडत नाही. त्यावर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण मला सर्वांत उपयोगी वाटलं ते रॉबर्ट बर्नार्ड आणि सहकाऱ्यांचं २००४चं विश्लेषण. त्यांनी २३२ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी फरक जवळपास शून्य निघाला, पण त्या शून्याच्या दोन्ही बाजूंना प्रचंड पसारा होता. काही दूरस्थ अभ्यासक्रम वर्गापेक्षा खूप सरस ठरले, काही अगदीच निकृष्ट.

म्हणजे ‘दूरशिक्षण’ नावाची एकच एक वस्तू नाहीच. चांगलं दूरशिक्षण असतं आणि वाईट दूरशिक्षण असतं. नाशिक जिल्ह्यात चांगलं कुठे चाललं आहे आणि ते कशामुळे, हे कोणी शोधलं तर मी त्या प्रबंधाची प्रत स्वतःच्या पैशाने काढून प्रत्येक समंत्रकाला देईन.

यातच २०२०-२१च्या टाळेबंदीतल्या माहितीवर उभे राहिलेले प्रबंध आले. त्या काळात शाळा-महाविद्यालयांनी रातोरात जे केलं, त्याला चार्ल्स होजेस आणि सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच वेगळं नाव दिलं होतं: आपत्कालीन दूरस्थ अध्यापन. महिनोन्‌महिने रचून, साहित्य लिहून, मदतीची व्यवस्था लावून केलेलं ऑनलाइन शिक्षण वेगळं आणि पूर आल्यावर शाळेच्या गच्चीवर भरवलेला वर्ग वेगळा. गच्चीवरच्या वर्गाचे निष्कर्ष काढून ‘ऑनलाइन शिक्षण विद्यार्थ्यांना आवडत नाही’ असं लिहिणं हा विद्यार्थ्यांवरही अन्याय आहे आणि शिक्षकांवरही.

आता पद्धतीकडे येते. इथे मला थोडं स्पष्ट बोलू द्या.

गुगल फॉर्मवर गोळा केलेला नमुना हा सोयीचा नमुना, म्हणजे सहज हाती लागलेल्यांचा नमुना, असतो, हे तुम्ही स्वतःच प्रबंधात लिहिता. पण मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ लिहून तो प्रश्न मिटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के होतं. त्यानंतर चित्र बदललं असेल, बदलतंच आहे. पण ज्या माध्यमाबद्दल प्रश्न विचारायचा त्याच माध्यमातून उत्तर मागितलं, तर त्या माध्यमापर्यंत न पोहोचलेल्यांचं उत्तर येणार कुठून? विहिरीला पाणी आहे का, हे विहिरीवर आलेल्यांनाच विचारल्यासारखं ते होतं.

प्रश्नांची भाषा हाही एक अडसर आहे. परदेशात तयार झालेली मापनश्रेणी मराठीत आणली की ‘माझ्या अध्ययनाचे स्व-नियमन मी परिणामकारकपणे करतो/करते’ असं वाक्य तयार होतं. पेठ तालुक्यातल्या मुलाने यावर काय करावं? तो माझ्याकडे पाहतो. मी मान हलवली तर तो ‘सहमत’वर खूण करतो. कारण कागद मॅडमनी दिलाय, आणि मॅडमना नाही म्हणायचं नसतं. पुढे त्या खुणांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली जाते. त्यापेक्षा त्याला विचारा, ‘‘काल पुस्तक कधी उघडलं होतंस? कुठे बसला होतास? मधे कोणी हाक मारली?’’ तो दहा मिनिटं बोलेल, आणि त्या दहा मिनिटांत स्व-नियमनही सापडेल, घराचा नकाशाही. प्रश्नावली वापरायचीच असेल तर आधी पाच जणांना मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘तुला यातून काय समजलं?’ असं विचारा. आमच्या केंद्रावर या, मी पाच जण बसवून देते.

संगणक प्रणालीतल्या नोंदींवर संशोधन करणाऱ्यांनाही माझं एक सांगणं आहे. कोणी कितीदा लॉग-इन केलं, चित्रफीत किती मिनिटं पाहिली, यावरून तुम्ही आता कोण मागे पडेल याचे अंदाज बांधता. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा २०१४चा निबंध सगळ्यांना ठाऊक आहे. लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं की सहा मिनिटांपुढे लक्ष टिकत नाही. निष्कर्ष मोलाचा आहे. पण आमच्याकडे वसतिगृहात चार मुली एका फोनभोवती बसून व्याख्यान ऐकतात. नोंद एकीची होते, तिघी निष्क्रिय ठरतात. एक मुलगा पीडीएफ एकदाच उघडतो, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढतो आणि मग सहा महिने त्या कागदांवर अभ्यास करतो. प्रणालीच्या दृष्टीने तो नाहीसा झालेला असतो. तो पहिल्या वर्गात पास झाला तर तुमचा अंदाज चुकतो, इतकंच. पण त्या अंदाजावरून उद्या कोणाला मदत द्यायची आणि कोणाचा पाठपुरावा सोडायचा हे ठरायला लागलं, तर नुकसान त्या मुलाचं होईल. नोंदी जरूर वापरा, पण त्यांच्यापुढे एकदा माणूस उभा करून पाहा.

ज्याबद्दल मला सर्वांत आशा वाटते, तिथे आता येते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात काम केलेले ऑर्मंड सिम्पसन यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट लावून धरली: विद्यार्थ्याने मदत मागायची वाट पाहू नका, तुम्ही आधी संपर्क करा. जो अडचणीत असतो तो मागत नाही. माझ्या सुरगाण्याच्या मुलीने एकदाही फोन केला नव्हता. आणि अलीकडे बोट्स्वानातला एक प्रयोग वाचण्यात आला. २०२० मध्ये शाळा बंद असताना नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काही घरांना गणितं असलेले एसएमएस पाठवले. काही घरांना एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा, साधारण वीस मिनिटांचा, शिक्षकाचा फोनही केला. साधा फोन, इंटरनेट नाही. नुसत्या एसएमएसचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. फोन जोडला तिथे मुलांचं गणित सुधारलं. २०२२ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

ती मुलं प्राथमिक शाळेतली होती आणि माझे विद्यार्थी संसारी आहेत, हा फरक मला कळतो. तरीही वाचून मी उठून बसले, कारण गेली काही वर्षं मी शनिवारी संध्याकाळी असे फोन करते. प्रवेशानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येकाला एकदा तरी. ‘पुस्तकं मिळाली का? पहिला घटक वाचलात का? रविवारी येताय ना?’ एवढंच. माझा अनुभव असा, की ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांच्या नावापुढे सह्या जास्त दिसतात. पण मला वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. कदाचित जे फोन उचलतात ते मुळातच टिकणारे असतील. हा पेच मला एकटीला सोडवता येत नाही. तो तुम्हाला येतो.

मग सोडवा ना. एका जिल्ह्यातली काही अभ्यासकेंद्रं घ्या. विद्यार्थ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्यांना पहिल्या सहामाही सत्रात ठरवून फोन जाऊ द्या, निम्म्यांना नेहमीची व्यवस्था राहू द्या, आणि पुढच्या सत्रात उरलेल्यांनाही फोन जाऊ द्या म्हणजे कोणी वंचित राहणार नाही. पहिल्या सत्राअखेर किती जणांनी परीक्षेचा अर्ज भरला, एवढं मोजा. याला प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी सॉफ्टवेअर लागत नाही. फोनचं रिचार्ज आणि चार समंत्रकांचे शनिवार लागतात. माझा शनिवार मी आजच देते. आणि निष्कर्ष उलटा आला, फोनने काहीच फरक पडत नाही असं निघालं, तरी ते छापा. मी फोन करणं थांबवणार नाही, पण मग दुसरं काय करायला हवं याचा विचार तरी सुरू होईल.

मला माहीत आहे की तुमच्यावरही ओझी आहेत. शिष्यवृत्तीची मुदत, मार्गदर्शकांची घाई, नोकरीच्या मुलाखतीत विचारली जाणारी शोधनिबंधांची संख्या. त्या दिवशी आलेल्या मुलीचा मला राग आला नाही. तिला शंभर उत्तरं हवी होती कारण तिला शंभरच मागायला शिकवलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकली आहे. त्यातून वाचलेले महिने सुरगाणा, पेठ, हरसूलच्या एसटीत घालवता येतील. मार्गदर्शकांनो, ही विनंती विशेषतः तुम्हाला आहे. विद्यार्थिनीने शंभर फॉर्मऐवजी शिक्षण सोडलेल्या पंधरा जणांच्या घरी जाऊन लांबलचक बोलणं लिहून आणलं, तर ‘नमुना लहान आहे’ म्हणून तिला परत पाठवू नका. पंधरा माणसांपर्यंत पोहोचायला तिला पाचशे फॉर्मपेक्षा जास्त कष्ट पडलेले असतील.

आणखी एक, मग थांबते. तुमचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जातात, बरेचसे इंग्रजीत. जी माणसं तुम्हाला उत्तरं देतात त्यांना पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. एकदा एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, ‘‘मॅडम, मागच्या वर्षी तो कागद भरून घेतला होता, त्याचं काय झालं?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मौखिकी, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाल्यावर दोन पानं मराठीत लिहा. काय विचारलं, काय सापडलं, काय बदलायला हवं. आणि एका रविवारी येऊन ती संपर्कसत्रात वाचून दाखवा. तुमच्या मौखिकीत कोणी विचारणार नाहीत असे प्रश्न तिथे विचारले जातील. शेवटच्या बाकावरची एखादी बाई उभी राहून सांगेल की हे असं नसतं, आमच्याकडे वेगळं असतं. ते लिहून घ्या.

माझ्याकडे केंद्राची गेल्या अनेक वर्षांची हजेरीपुस्तकं आहेत, कपाटात वर्षवार लावलेली. त्यांत ज्यांच्या चौकटी रिकाम्या आहेत त्यांना मी आधी विचारेन, ते हो म्हणाले तरच त्यांचा पत्ता देईन. काही जण नाही म्हणतील, काहींचे नंबर बदलले असतील. सुरगाण्याच्या मुलीने होकार कळवला आहे. यंदा तिने पुन्हा प्रवेश घेतला आहे आणि दिवाळीनंतर ती दिंडोरीकडे जाईल, तेव्हा यायचं असेल तर त्याआधी या. आम्ही रविवारी सकाळी दहाला वर्ग उघडतो.

तुमची,
अभ्यासकेंद्रावरची एक समंत्रक, नाशिक